फरशीला हात लावण्याआधी वाचावे

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार पोचावा. (वाकून केलेला नाही. हल्ली वाकलं की पोट आपलं स्वतंत्र मत मांडायला लागतं. तेव्हा नमस्कार बसल्या जागेवरून केलेला आहे, आशीर्वाद मात्र पुरता द्यावा.) तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. तुम्ही आमच्याकडे आणून सोडलेल्या तापाला कंटाळून तुम्ही स्वतः दोन दिवसांत बरे झालात, तेव्हाच आम्हाला कळलं की तुमच्या प्रकृतीची काळजी करायचं कारण नाही. मामीचे गुडघे कसे आहेत? तिला माझा वेगळा नमस्कार सांगा. नेहमीसारखा तुमच्यातच धरू नका.

पत्रास कारण की, तुमचं पत्र मिळालं. महिनाअखेरपर्यंत गवंडीकाकांनी तुमच्या दिवाणखान्याची नवी फरशी स्वतः उखडून, स्वतः पुन्हा सरळ घालून दिली नाही, तर एक तारखेला त्यांना वकिलाची नोटीस जाणार, असं तुम्ही कळवलं आहे. मामा, हात जोडून सांगते, हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत त्या फरशीला कुणाला पहार लावू देऊ नका आणि वकिलाकडेही जाऊ नका. का, ते सांगतेच. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही. (ही तक्रार नव्हे. आईचंही तेच आहे, तुम्ही दोघं एकमेकांना फोन करता तेव्हा ऐकतं कोण, हा प्रश्न आम्हाला लहानपणापासून पडलेला आहे.) तर फरशीकडे येतेच, पण फरशीची वाट माझ्या पोटातून जाते, त्याला माझा इलाज नाही.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा खोकत होतात. आईनं विचारलं, ताप आहे का? तुम्ही म्हणालात, छे, धूळ. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, तेही धुळीनं. जेवताना तुम्ही शिंकलात ती शिंक एकटी नव्हती, सात होत्या, आणि त्या मधोमध ठेवलेल्या भाताच्या पातेल्याच्या दिशेनं होत्या. मग प्रत्येकाच्या ताटातलं थोडं थोडं चाखून, कुणाच्या हाताला काय चव आहे ते सांगून तुम्ही गावी निघून गेलात. चौथ्या दिवशी आई आडवी झाली, पाचव्या दिवशी माझा नवरा, सहाव्या दिवशी मी. घरात एकच थर्मामीटर, तो तिघांत फिरत होता. ते दोघं आठवड्यात उठून कामाला लागले. माझाही ताप गेला, खोकला गेला, फक्त पोट तिकडेच राहिलं.

डॉक्टर भला माणूस आहे. त्यानं सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळ्या चांगल्या आल्या. त्यानंतर माझ्याशी बोलण्यातला त्याचा रस एकदम कमी झाला. म्हणाला, विषाणू कधीच गेला, पण तुमच्या आतड्यांना ते अजून पटलेलं नाही. काही आठवडे, काही महिने, कधी जरा जास्त. साधं खा, थोडं थोडं खा, शांत राहा. आता मामा, मी शांतच होते. पोट शांत नव्हतं. सकाळी एक केळं खाल्लं की दहा मिनिटांत फुग्यासारखं टम्म होतं, आणि काहीच खाल्लं नाही तर उपाशी ठेवलं म्हणून गुरगुरतं. कधी आठ दिवस काही नाही, कधी एका सकाळी चार वेळा. आणि सल्ले! ताकापासून उपासापर्यंत सल्ला न देणारा एकही माणूस माझ्या ओळखीत उरलेला नाही. समोरच्या बाईंनी तर जेवताना रडायचं नाही असं सांगितलं, मी कधी रडले होते ते मला आठवत नाही. तुम्ही पत्रातून कळवलंत, की मन खंबीर ठेव, पोट मनाचं ऐकतं. माझं पोट कुणाचंच ऐकत नाही. ते तुमच्यावर गेलं आहे असं आई म्हणते.

हे सगळं घरच्या घरी निभावलं असतं. पण माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक अंधारी, चिंचोळी खोली. एका टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता, दुसऱ्या टोकाला उंच खुर्चीत गिऱ्हाईक, आणि त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर मी, हातात भिंगं घेऊन. दार बंद. पंखा बंद, कारण तो तक्ता हलवतो. अशा शांततेत मी विचारायचं, 'आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?' आणि गिऱ्हाइकाच्या आधी माझ्या पोटानं उत्तर द्यायचं. लांबलचक, चढत जाणारं, शेवटी प्रश्नार्थक. बहुतेक लोक सभ्य असतात, ते तक्त्याकडे आणखी निरखून बघतात. एका आजोबांनी मात्र खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि कुत्रं कुठं बांधलंय म्हणून विचारलं. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी माझा हात धरला, म्हणाल्या, 'तुम्ही आधी जाऊन या हो. अक्षरं कुठं पळत नाहीत.' देव त्यांचं भलं करो, त्यांचा नंबर मी तीनदा तपासून दिला.

आता 'जाऊन येणं' म्हणजे काय ते ऐका. आमच्या दुकानाला स्वतःचा संडास नाही. तो जिन्याच्या वर, शेजारच्या शिंप्याशी सामाईक आहे, आणि त्याची किल्ली गल्ल्यापाशी खिळ्याला असते. कुणी ती खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून मालकिणीनं तिला एक लाकडी ठोकळा बांधला आहे, चांगला विटेएवढा. तो घेऊन भर दुकानातून, फ्रेमा निवडत बसलेल्या माणसांच्या मधून चालत जायचं. पळायची सोय नाही, कारण ठोकळा काउंटरवर आपटतो. शिंप्याकडची माणसं तर जिन्यावरच्या माझ्या पावलांवरून हवा ओळखायला लागली. एकदा मी वर गेले तेव्हा एका बस ड्रायव्हरच्या नाकावर तपासणीची फ्रेम तशीच होती. (ती जड, गोल, पत्र्याची फ्रेम. तिच्यात आम्ही भिंगं सरकवत जातो, तुम्ही घातली आहे.) पंचवीस मिनिटांनी खाली आले तर माणूस नाही. वाट बघून कंटाळला आणि ती फ्रेम डोळ्यांवर ठेवूनच मला शोधायला रस्त्यावर गेला. समोरच्या न्हाव्यानं त्याला हाताला धरून परत आणलं. काउंटरवर तक्रारींची लाल वही असते, तिच्यात त्याच्या अक्षरात पान भरून मजकूर आहे. दुसरी तक्रार एका बाईंची, त्यांना मी एकच डोळा तपासून घरी पाठवलं होतं. मालकीण म्हणाली, 'हे बघ, मी वाईट नाही. पण तिसरी आली की मला दुसरी मुलगी बघावी लागेल.' ती वाईट नाही हे खरं आहे, पण तिनं तेव्हाच वर्तमानपत्र उघडून जाहिरातींचं पान काढलं होतं.

अशा दिवसांत तुम्ही पुन्हा आलात. जुन्या चष्म्यावर बसलात म्हणून नवा करायला. (खोकला नव्हता, मी आधी आईला विचारून घेतलं.) आठवतं ना, खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही सांगितलंत, की तीस वर्षं नकाशाच्या कचेरीत पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस म्हणजे तुम्ही, तुमच्या नजरेला भिंगाची गरज नाही, नुसती संगत हवी. तुमचे दोन्ही डोळे तिरकस नंबरचे आहेत, मामा. म्हणजे भिंग नुसतं जाड-पातळ असून भागत नाही, ते ठरावीक कोनात फिरवून बसवावं लागतं, आणि उजव्याचा कोन वेगळा, डाव्याचा वेगळा. मी दोन्ही नीट बसवले. मग आमच्या पद्धतीप्रमाणे ती फ्रेम घालून तुम्हाला दुकानात दहा पावलं चालायला लावलं आणि विचारलं, जमीन कशी दिसते? तुम्ही म्हणालात, 'अगदी सरळ.' हे वाक्य लक्षात ठेवा. त्या दिवशी जमीन सरळ होती.

तुम्ही फ्रेम काढून दिलीत, मी ती टेबलावर ठेवली, कार्डावर आकडे लिहायला पेन उचललं, आणि पोटानं बोलावलं. ठोकळा, जिना, वगैरे. परत आले तेव्हा घाम पुसत कसेबसे आकडे उतरवून घेतले. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात, की समोर बसलेल्याचा उजवा डोळा तो तुमच्या डाव्या हाताला असतो. चौदा वर्षांत मी ती विसरले नव्हते. पण टेबलावरची फ्रेम तुम्ही उचलून उलट्या तोंडानं ठेवली असणार, आणि मी ती नेहमीच्या बाजूनं आहे असं समजून वाचली. उजव्याचं भिंग डाव्याच्या रकान्यात, डाव्याचं उजव्याच्या. चष्मा तयार होऊन आला, मी तो यंत्रावर तपासला, कार्डाशी तंतोतंत जुळला, आणि कुरियरनं तुम्हाला पाठवून दिला.

आलं ना लक्षात? फरशी सरळ आहे, मामा. फरशी पहिल्यापासून सरळ होती. जुन्या चष्म्यातून तुम्हीच महिनाभर येईल त्याला बोट दाखवून सांगत होतात, की अशी फरशी घालणारा हात आता उरला नाही. नव्या चष्म्यातून ती दाराकडे उतरायला लागली, तशी दारं झुकली, कपाट पुढं आलं, आणि मामी एका बाजूला कलून चालते म्हणून तुम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. मामीनं आईला सांगितलं, की तुम्ही जिना उतरताना कठडा धरता आणि कुणी पाहिलं की तो पुसत असल्याचं दाखवता. डोकं दुखतं ते कुणाला सांगत नाही. चष्म्यावर शंका घेणं तुम्हाला जमलं नाही, कारण तो भाचीनं दिलेला. ही एक गोष्ट तुम्ही माझ्यासाठी केलीत, आणि तीच नेमकी करायला नको होती.

आणि गवंडीकाका! चाळीस वर्षांचा तुमचा मित्र. तुमच्या लग्नात आई सांगते त्याप्रमाणे तुमच्यापेक्षा जास्त रडलेला माणूस. त्यानं पाणसळ आणून फरशीवर ठेवली, बुडबुडा बरोबर मधे. तुम्ही म्हणालात, अवजार त्याचं, ते त्याच्याच बाजूनं बोलणार. त्यानं दिवाणखान्याच्या मध्यावर काचेची गोटी ठेवली. दुपारभर ती जागची हलली नाही. तुम्ही म्हणालात, गोटी एका बाजूनं घासलेली आहे. मग त्यानं काही बोलणंच सोडलं, आणि तुम्ही ते गुन्हा कबूल केल्याचं लक्षण ठरवलंत. आता गावात कुणी त्याला काम सांगताना आधी हसतं, असं मामी म्हणते. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. पोटासाठी मी तीन महिन्यांत रडले नाही, त्या दिवशी रडले.

तेव्हा मामा, चष्मा काढून ठेवा, गवंडीकाकांकडे जा, आणि तुम्हाला जमेल त्या भाषेत माफी मागा. ('माझं चुकलं' हे दोन शब्द आहेत. आधी मामीसमोर म्हणून बघा, तिला धक्का बसू नये म्हणून खुर्ची द्या.)

घरी सर्वांना नमस्कार. माझ्या पोटाची काळजी नसावी, तुम्हाला ती नव्हतीच.

तुमची लाडकी (होते, आता बघू)
भाची

ता. क. वर एक खोटं लिहिलं आहे, ते तसंच राहू देणं बरं नाही. तुम्ही फ्रेमला हात लावला नव्हता. तुम्ही खुर्चीत हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखे बसला होतात, मी परत आले तेव्हा 'बरी आहेस ना गं?' एवढंच विचारलंत. फ्रेम उलटी मीच ठेवली होती. आणि व्हायरसनं मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

ता. क. २. आणखी एक. ही चूक मला आज कळलेली नाही. मामीचा फोन आला त्याच दिवशी मी कार्ड काढून बघितलं, त्याला आठ दिवस झाले. गप्प का बसले ते सांगते. तुम्ही मालकिणीला परस्पर पत्र पाठवलं आहे ना, की 'आपल्या दुकानातील चष्म्यामुळे माझ्याच घरातील फसवणूक मला प्रथमच स्वच्छ दिसली'? ते तिनं चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लावलं आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ते वाचून दाखवते, आणि त्याच्या जोरावर तिनं लाल वहीतल्या माझ्या दोन्ही तक्रारींवर रेघ मारली. माझी नोकरी त्या खिळ्याला टांगलेली आहे. म्हणून विनंती अशी, की चष्मा परत करायचा तो दुकानात नको, माझ्या घरी पाठवा, आणि मालकिणीला काही कळवू नका. गवंडीकाकांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, माझं नाव मधे आलं नाही तर बरं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहिते आहे.

ता. क. ३. हे पत्र त्यानंतर अकरा दिवस माझ्या पर्समध्ये होतं. दर सकाळी पोस्टाच्या पेटीपर्यंत नेत होते आणि पोट दुखतं म्हणून परत फिरत होते. पोट दुखतही होतं, पण इतकं नाही.

परवा मामीचा फोन आला. तुम्ही समोर बसून वर्तमानपत्र वाचत होतात, म्हणून ती हळू बोलत होती. म्हणाली, गवंडीकाका गेल्या आठवड्यात आपणहून आले, चार दिवस गुडघ्यावर बसून सगळी फरशी काढली आणि नव्यानं घातली. तुम्ही खुर्चीत बसून सांगत होतात, दाराकडची बाजू उचल, अजून उचल, अजून बोटभर. त्यांनी पाणसळ पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, 'आता अगदी सरळ.' आणि त्यांचा हात हातात घेतलात. जाताना मामीनं त्यांना दारात गाठून विचारलं, तर म्हणाले, 'मला दिसतंय ना वहिनी. पण त्याला सरळ दिसलं की पुरे. चाळीस वर्षांनी फरशीपायी कुठं भांडत बसायचं?' मी फोन ठेवला तेव्हा मला पोट आहे हेच दहा मिनिटं विसरायला झालं.

मग दुकानात जाऊन मालकिणीला सगळं सांगितलं. लाल वहीत तिसरी तक्रार मी स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली सही केली. तुमची चौकट तिनं उतरवली. दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही, पण ठोकळा मागितला की देते. बरोबर नंबरचा चष्मा सोबत पाठवते आहे, उजवा उजवीकडे आहे, सहा वेळा पाहिलं. माझं नाव वगळायची विनंती मागे घेते. उलट हे पत्र गवंडीकाकांना पहिल्यापासून वाचून दाखवा, पोटाच्या भागासकट.

चष्मा मात्र एकट्यानं घालू नका. आधी त्यांना बोलवा, शेजारी बसवा, आणि मगच घाला. गोटी शोधायची गरज नाही. मामी म्हणते, हल्ली ती दारात ठेवली की सरळ तुमच्या खुर्चीखाली येऊन थांबते.